सुशिक्षितांचा अंगठा

करार म्हटला की आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढे मुद्रांकाचा कागद येतो, त्यावरील दाट अक्षरे येतात, दोन साक्षीदार येतात आणि शेवटी सही येते. सही करता येत नसेल तर अंगठा. अंगठा उठवणाऱ्याला कागदात काय लिहिले आहे याचा पत्ता नसे, आणि त्याला तो पत्ता नाही हे सावकारापासून साक्षीदारापर्यंत सर्वांस पक्के ठाऊक असे. ‘अंगठेबहाद्दर’ हा शब्द आपण हिणवण्यासाठी वापरीत आलो तो यामुळेच. आज पणजी-मडगावातील, कारवारातील, रत्नागिरीतील पदवीधर गृहस्थ आणि गृहिणी दिवसातून दोन-चार वेळा तोच अंगठा उठवीत असतात. शाईची जागा काचेने घेतली आहे, इतकाच काय तो फरक. ‘मला सर्व अटी मान्य आहेत’ या चौकटीवर बोट टेकले की करार पुरा होतो. त्या अटी किती पानांच्या आहेत, त्यांत तंटा कोणत्या शहरात चालावयाचा हे लिहिले आहे की नाही, दिलेले पैसे परत मागण्याचा हक्क आपण सोडून दिला काय, याची वास्तपुस्त कोणी करीत नाही. ती करावी एवढी सवडही ठेवलेली नसते.

या प्रश्नाचा विचार करताना आम्हाला हुबळी-धारवाडची आठवण होते, ती उगीच नव्हे. न पाहिलेला माल, न पाहिलेल्या माणसाला, केवळ नावाच्या भरवशावर विकण्याचा धंदा त्या मुलखाने दीडशे वर्षांपूर्वीच केलेला आहे. किनाऱ्यावरच्या आमच्या वाचकांना कुमठा बंदर परके नाही. धारवाड जिल्ह्याचा कापूस घाट उतरून कुमठ्याला येई, तेथून गलबतांनी मुंबईस व पुढे लिव्हरपूलला जाई. परिणाम असा झाला की ज्या बंदरातून तो केवळ चढवला जात होता त्याचेच नाव मालाला चिकटले आणि ‘कुमठा’ ही कापसाची एक जात म्हणून विलायतेच्या भावपत्रकात झळकू लागली. अमेरिकी बियाण्यापासून काढलेला जो माल होता तो ‘धारवाड’ या नावाने विकला जाई. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद झाला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. भाव चढला तशी भेसळही चढली. चांगल्या मालात हलका माल मिसळावा, सरकी व माती तशीच राहू द्यावी, वजन वाढावे म्हणून पाणी शिंपडावे, असले प्रकार बोकाळले. लिव्हरपूलचा गिरणीवाला गासडी फोडीपर्यंत आत काय आहे ते त्याला दिसत नव्हते. गासडी फुटली तेव्हा विकणारा सात समुद्रांपलीकडे होता. अखेर मुंबई सरकारला १८६३ साली कापसातील लबाडी रोखण्यासाठी स्वतंत्र कायदाच करावा लागला. तो इंग्रज गिरणीवाल्यांच्या हितासाठी केला होता, हे आम्ही विसरलेलो नाही. परंतु दूर बसलेल्या खरेदीदाराला केवळ ‘पाहून घ्या’ म्हणून सोडून देता येत नाही, हे तत्त्व त्यात मान्य झाले होते. गंमत एवढीच की तेव्हा फसणारा बलवान होता, म्हणून कायदा झटपट झाला.

आज त्याच मुलखातला धारवाडी पेढा, नवलगुंदचा जमखाना आणि शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातील इरकल साडी मोबाइलवर विकावयास आहे. पेढ्याला, जमखान्याला व इरकलला भौगोलिक निर्देशांकाची मान्यता आहे. पण चित्रात दिसते ती हातमागाची इरकल आणि घरी येते ते यंत्रमागावरचे कृत्रिम धाग्याचे लुगडे, हा अनुभव आमच्या कित्येक भगिनींना नवा नाही. गासडी आता टपालाच्या वेष्टनात आली आहे, इतकेच.

असा सौदा कायद्याने सौदा ठरतो काय, ही शंका अजूनही अनेकजण काढतात. तिचे उत्तर निःसंदिग्ध आहे: ठरतो. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याने कागदाचा किंवा सहीचा आग्रह सरसकट कधीच धरलेला नाही. एकाने देकार द्यावा, दुसऱ्याने तो स्वीकारावा, दोघांची संमती मोकळी असावी, मोबदला असावा आणि हेतू कायदेशीर असावा, म्हणजे पुरे. आपल्या बाजारपेठांत रुमालाखाली बोटे दाबून हजारो रुपयांचे सौदे होत, त्यालाही करारच म्हणत. कायद्याला खरा पेच पडला तो अंतराचा. दोन माणसे समोरासमोर नसतील तर करार नेमका कोणत्या क्षणी आणि कोणत्या गावी झाला? इंग्लंडच्या न्यायाधीशांनी १८१८ साली, म्हणजे ज्या वर्षी इकडे पेशवाई बुडाली त्या वर्षी, लोकरीच्या एका व्यवहारात निकाल दिला की स्वीकाराचे पत्र डाकेत पडले तेव्हाच करार झाला. आपल्या १८७२ च्या कायद्याच्या चौथ्या कलमात तोच विचार उतरला. तेव्हा दूरध्वनी जन्मालाही आला नव्हता.

तो आल्यावर काय झाले, याची कथा आपल्याच मराठी मुलखातील आहे आणि ती सविस्तर सांगण्यासारखी आहे. २२ जुलै १९५९ रोजी अहमदाबादच्या एका पेढीने वऱ्हाडातील खामगावच्या केडिया जिनिंग फॅक्टरी व तेलगिरणीशी लांब पल्ल्याच्या दूरध्वनीवर सरकीच्या ढेपेचा सौदा केला. माल आला नाही, असे म्हणून अहमदाबादकरांनी आपल्याच शहराच्या दिवाणी न्यायालयात ३१,१५० रुपयांचा दावा लावला. खामगावकर म्हणाले, आम्ही ‘होय’ म्हटले ते खामगावात, तेव्हा करार खामगावचा. त्यासाठी आम्हाला अहमदाबादेस ओढता येणार नाही. ढेपेचा भाव आणि माल बाजूलाच राहिले. ‘होय’ हा शब्द उच्चारला गेला ते गाव महत्त्वाचे की ऐकला गेला ते, एवढ्यासाठी खटला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ३० ऑगस्ट १९६५ रोजी दोन विरुद्ध एक अशा मताने निकाल लागला. दूरध्वनीवरचे बोलणे हे समोरासमोरच्या बोलण्यासारखेच, म्हणून स्वीकार जेथे ऐकू आला तेथे, अर्थात अहमदाबादेस, करार झाला, असे बहुमताने ठरले. नागपूर उच्च न्यायालयाचे एकेकाळचे मुख्य न्यायाधीश हिदायतुल्ला यांचे मत निराळे पडले. कायद्याचे शब्द जसे आहेत तसे वाचावेत आणि ते वाचले तर करार खामगावलाच पुरा झाला, असे त्यांचे म्हणणे होते. विद्वानांत त्या भिन्न मताची चर्चा पुढे पुष्कळ झाली. व्यापाऱ्याच्या दृष्टीने मात्र निष्कर्ष साधा होता: यंत्र बदलले की तुमचे न्यायालयही बदलू शकते.

संगणकाच्या बाबतीत संसदेने निदान हा गोंधळ आधीच मिटवण्याचा यत्न केला. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापारविषयक कायद्याच्या आयोगाने १९९६ साली एक आदर्श मसुदा तयार केला होता. त्याच्या आधारे झालेला आपला माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आला. संदेश कोणत्याही यंत्रावर पोचो, तो ज्याचा त्याच्या धंद्याच्या ठिकाणी पोचला असे समजावे, ही त्यातली तेराव्या कलमातील तरतूद. पुढे २००८ च्या दुरुस्तीने १०-अ कलम आले. केवळ विजेच्या साधनांनी केला म्हणून करार निष्फळ ठरणार नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. जानेवारी २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ट्रायमेक्स कंपनी व वेदांत ॲल्युमिनियम यांच्यातील वादात तर बॉक्साइटच्या पाच जहाजांचा व्यवहार निव्वळ ई-पत्रांवरून पक्का झाला होता, असे ठरवले. विधिवत कागद तयार व्हावयाचा होता व तो झाला नाही, ही सबब चालली नाही.

येथवर सारे ठीक झाले. परंतु आमच्या मते कायद्याने येथवर फक्त व्यापाऱ्याचा प्रश्न सोडवला. बॉक्साइटच्या सौद्यात दोन्ही बाजूंना वकील होते, दोघांनी शब्दाशब्दावर घासाघीस केली होती. मोबाइलवर लुगडे मागवणाऱ्या बाईशी कोण घासाघीस करतो? तिच्यापुढे दोनच वाटा असतात, सगळे मान्य करणे किंवा निघून जाणे. करार वैध आहे हे १०-अ कलमाने सांगितले. तो न्याय्य आहे काय, हे त्या कलमाच्या कक्षेतच नाही. संमती ‘मोकळी’ असावी हा १८७२ चा शब्द जर अर्थपूर्ण असेल, तर जे वाचलेच नाही, वाचण्यासारखे ठेवलेच नाही, आणि वाचले तरी बदलता येणार नाही, त्याला दिलेल्या संमतीला मोकळी म्हणणे हा भाषेचा दुरुपयोग होय.

आणि हे काही आम्ही आज नव्याने म्हणत नाही. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांत शेतकरी सावकारांविरुद्ध उठले. सुप्यापासून सुरुवात झाली आणि गावोगाव त्यांनी एकच गोष्ट हेरून जाळली, ती म्हणजे सावकाराच्या घरातील रोखे व कागद. आपण ज्यावर अंगठा उठवला त्या कागदाने आपली जमीन गेली, हे त्यांना कळले होते. या उठावानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा झाला. त्यातील दोन गोष्टी आजच्या धुरीणांनी पुन्हा वाचाव्यात. पहिली अशी की शेतकऱ्याने करून दिलेला दस्तऐवज गावच्या निबंधकाच्या देखरेखीखाली लिहिलेला व त्याने साक्षांकित केलेला असल्याशिवाय ग्राह्य धरावयाचा नाही. दुसरी त्याहून मोठी: न्यायालयाने कागदावरच्या आकड्यापाशी न थांबता त्यामागच्या सबंध व्यवहाराचा इतिहास तपासावा. हा कायदा पुढे मुंबई इलाख्याच्या इतर जिल्ह्यांनाही लागू झाला आणि धारवाड जिल्हा तर १९५६ पर्यंत मुंबईकडेच होता. परकी सरकारला जे एकोणिसाव्या शतकात पटले, की दुबळ्याच्या सहीमागे जाऊन पाहणे हे न्यायालयाचे काम आहे, ते स्वतंत्र भारताच्या संसदेला पटावयास एवढा वेळ का लागावा?

वेळ लागला हे खरे. मद्रासमध्ये एका धोब्याच्या पावतीवर छापले होते की कपडा हरवल्यास किमतीच्या फक्त १५ टक्के मिळतील. एका बाईंची नवी साडी हरवली, तेव्हा मद्रास उच्च न्यायालयाने १९६० च्या दशकात ही छापील अट सार्वजनिक धोरणाविरुद्ध म्हणून बाजूला सारली. १९८४ मध्ये विधी आयोगाने आपल्या १०३ व्या अहवालात अन्याय्य अटींविषयी करार कायद्यातच नवे कलम घालण्याची शिफारस केली. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ब्रजनाथ गांगुली यांच्या खटल्यात बलवान व दुबळा यांच्यातील एकतर्फी अटींवर कडक ताशेरे ओढले. एवढे सगळे होऊनही विधी आयोगाची शिफारस कागदावरच राहिली, आणि ‘अन्याय्य करार’ ही कल्पना कायद्याच्या पुस्तकात आली ती २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, जो २० जुलै २०२० पासून सुरू झाला.

या नव्या कायद्याने व पाठोपाठ आलेल्या ई-व्यापाराच्या नियमांनी दिलेले पुष्कळ आहे आणि ते आमच्या वाचकांना माहीत असावे. माल सदोष निघाला, जाहिरातीप्रमाणे नसला किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर आला तर विक्रेत्याला तो परत घेण्यास नकार देता येत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि तिचे निवारण महिन्याच्या आत व्हावे, त्यासाठी तक्रार अधिकाऱ्याचे नाव जाहीर असावे. संमतीच्या चौकटीत आधीच खूण करून ठेवणे निषिद्ध आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ग्राहकाने आता आपण राहतो तेथल्या जिल्हा आयोगाकडे दाद मागावी. खामगावच्या व्यापाऱ्याला जे मिळाले नाही ते धारवाडच्या गृहिणीला मिळाले आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. तंटा लवादाकडेच न्यावा, असे अटींत लिहिलेले असले तरी ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एमार एमजीएफच्या प्रकरणात २०१८ साली ठरवून टाकले आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने खरेदीदाराला चकवणाऱ्या १३ क्लृप्त्यांची यादीच प्रसिद्ध केली. ‘शेवटचे दोनच नग उरले’ म्हणून खोटी घाई करणे, पिशवीत न मागितलेली वस्तू गुपचूप टाकणे, वर्गणी सुरू करणे सोपे आणि बंद करणे महाकर्मकठीण ठेवणे, या सर्वांना आता नाव मिळाले आहे. आपल्याकडे जत्रेतल्या दुकानदारालाही यांतल्या निम्म्या युक्त्या येत असत. पण त्याला गिऱ्हाइकाचा चेहरा पुढच्या जत्रेत पुन्हा पाहावा लागे.

आता उणीव कोठे आहे ते सांगतो. एखादी अट ‘अन्याय्य’ म्हणून रद्द करावयाची असेल तर तो अधिकार २०१९ च्या कायद्याने जिल्हा आयोगाला दिलेलाच नाही. तो राज्य आयोगाला आणि राष्ट्रीय आयोगाला आहे. म्हणजे आठशे रुपयांच्या साडीचे पैसे धारवाडात मागता येतील, पण ज्या अटीमुळे ते पैसे अडकले त्या अटीविरुद्ध लढावयाचे तर वरची पायरी चढावयाची. आठशे रुपयांसाठी ती कोण चढेल? कोणी चढत नाही, म्हणून अट जशीच्या तशी राहते आणि पुढच्या लाखभर ग्राहकांना लागू होते. घराजवळचे न्यायालय दिले आणि त्याच्या हातातले हत्यार काढून घेतले, असा हा प्रकार आहे.

दुसरी उणीव बाजार चालवणाऱ्यांच्या जबाबदारीची. फसगत झाली की उत्तर ठरलेले असते: आम्ही विकणारे नव्हे, आम्ही केवळ बाजार मांडला. बाजार मांडणाऱ्याने विक्रेत्याची माहिती दिली की तो सुटतो, असाच नियमांचा सर्वसाधारण रोख आहे. विक्रेत्याने हात वर केले तर बाजारवाल्याने भरपाई द्यावी, अशी सूचना असलेला मसुदा २१ जून २०२१ रोजी प्रसिद्ध झाला होता. तो वर्षानुवर्षे मसुदाच राहिला. हुबळीच्या बाजार समितीत शेतकऱ्याचा माल अडत्यामार्फत विकला जातो. तेथे पैसे बुडाले तर ‘मी केवळ मध्यस्थ’ असे म्हणून अडत्याला मोकळे होता येणार नाही, हे कोणताही हमाल सांगेल. कर्नाटकाने २०१४ पासून बाजार समित्यांचे लिलाव संगणकावर आणण्यास प्रारंभ केला तेव्हाही परवाना, वजन, पट्टी आणि वसुली यांची व्यवस्था मोडीत काढली नाही. शेतमालाच्या बाजाराला जे बंधन चालते ते साडीच्या बाजाराला जड का व्हावे?

तिसरी गोष्ट फारशी बोलली जात नाही, ती लहान विक्रेत्याची. पेढे करणारा हलवाई, जमखाना विणणारी बाई हे ग्राहक नव्हेत. धंद्यासाठी व्यवहार करणारा म्हणून ग्राहक कायद्याचे दार त्यांना बहुधा बंदच असते, आणि पोटापुरत्या स्वयंरोजगाराची जी सवलत कायद्यात आहे ती मिळवण्यासाठीही आधी वाद घालावा लागतो. त्यांचे दलालीचे दर बदलले, परत आलेल्या मालाचा भुर्दंड त्यांच्यावर टाकला, खातेच गोठवले, तरी त्यांनी मान्य केलेल्या अटींत हे सारे आधीच लिहिलेले असते आणि तंट्याचे ठिकाण एखादे दूरचे महानगर असते. खामगावकराने निदान सहा वर्षे भांडून पाहिले. नवलगुंदच्या विणकर स्त्रीकडून ती अपेक्षा करणे क्रूरपणाचे होईल.

अशक्य असे यात काही नाही. कर्नाटकानेच २०२५ मध्ये मंचांमार्फत काम करणाऱ्या कामगारांसाठी कायदा केला. मोटारसायकलवरून डबे पोचवणाऱ्या मुलाशी कंपनीने करावयाचा करार सोप्या भाषेत असावा, कन्नड, इंग्रजी किंवा त्याला येणाऱ्या आठव्या अनुसूचीतील भाषेत मिळावा, आणि अटी बदलावयाच्या तर चौदा दिवस आधी कळवावे, असे त्यात आहे. हा पायंडा फार मोलाचा आहे. डबा पोचवणाऱ्याला जे मिळाले ते डबा मागवणाऱ्याला आणि डबा भरणाऱ्याला नाकारण्याचे कारण आम्हाला दिसत नाही. मुख्य अटी एका पानात, ग्राहकाच्या भाषेत, पैसे देण्याआधी. पैसे परत कधी मिळणार नाहीत हे सर्वांत वर. इतके तरी सक्तीचे करावे. मराठी, कोकणी वा कन्नड माणसाला साडीचे चित्र त्याच्या भाषेत दाखवता येते आणि अटी तेवढ्या इंग्रजीत दाखवाव्या लागतात, हा तंत्राचा दोष खचित नव्हे.

जून २०२४ मध्ये केंद्राचे ग्राहक व्यवहार खाते धारवाडचे खासदार प्रल्हाद जोशी यांच्याकडे आले. २०१९ च्या कायद्यात जिल्हा आयोगाला अन्याय्य अटी रद्द करण्याचा अधिकार द्यावयाचा तर त्यासाठी एखाद्या कलमाची भर पुरेल, आणि बाजारवाल्यांच्या जबाबदारीचा मसुदा तर खात्याच्या दप्तरात तयारच होता. गोवा, कोकण आणि उत्तर कन्नड या किनाऱ्याच्या खासदारांनी पक्षभेद बाजूस ठेवून अधिवेशनात हे दोन प्रश्न लेखी विचारावेत आणि मंत्रिमहोदयांनी त्यांची उत्तरे तारखांसह द्यावीत.